पाठीवरची पाणसळ

तिनं मिस्त्रींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दोन हात आणि दोन गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून, एक डोळा मिटून होते. ग्रंथालयाच्या वाचन-दालनात नवी फरशी बसत होती. ती तेव्हा तेवीस वर्षांची. नोकरीला लागून तीन महिने झालेले आणि पुढ्यात पुस्तकांची ढकलगाडी. तिला वाटलं, माणसाला चक्कर आली.

“पाणी आणू का?” तिनं विचारलं.

“नको. जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय,” माणसानं मान न उचलता सांगितलं.

“मला ही पुस्तकं पलीकडे न्यायची आहेत.”

“उद्या न्या.”

“उद्यापर्यंत वाचकांनी काय करायचं?”

“आज वाचलेलंच परत वाचायचं. पक्कं होतं.”

दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन आली तेव्हा तो माणूस हातोडीच्या लाकडी दांड्यानं एकेक फरशी वाजवत चालला होता, वैद्यानं रोग्याची छाती वाजवावी तसा. अख्ख्या दालनात एकच फरशी पोकळ वाजली. तीही अगदी कोपऱ्यातली, जिच्यावर संध्याकाळी लोखंडी कपाट येणार होतं. त्यानं ती उखडायला घेतली.

“तिच्यावर कपाट येणार आहे,” ती म्हणाली. “कोणाला कळणार?”

“मला कळलंय ना,” तो म्हणाला. हे त्यानं फुशारकीनं सांगितलं नाही. उलट जरा वैतागून सांगितलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं असं. तिनं त्याच वेळी मनाशी काहीतरी ठरवलं, आणि आठ महिन्यांनी त्यांचं लग्न झालं.

लग्नानंतर तिला कळलं, की हा माणूस कुठेही गेला तरी आधी टाचेनं जमीन वाजवून बघतो. दवाखाना असो, बँक असो, नातलगांचं घर असो. तिच्या मावशीच्या नव्या घरी त्यांनी चहा यायच्या आत तीन फरशा पोकळ काढल्या. मावशी तेव्हापासून त्यांना चहाच देते. बिस्किटं बंद झाली. त्यांचं खरं नाव घरच्या कागदांवर राहिलं. सगळ्या गावाचे ते ‘मिस्त्री’ झाले आणि ती ओघानं ‘मिस्त्रीणबाई’. ग्रंथालयात पंचवीस वर्षं पुस्तकं देऊन-घेऊनही तिला कोणी ग्रंथालयाच्या बाई म्हणत नसे, याचं तिला अधूनमधून वाईट वाटे. पण फार नाही.

मिस्त्रींच्या पिशवीत दोरी, थापी, रबरी हातोडी आणि काटकोन बघायचा गुणिया असे, पण जीव होता तो पाणसळीवर. हातभर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी, मध्ये काचेची छोटी नळी, नळीत हिरवट पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. पट्टी फरशीवर ठेवायची, बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की पातळी बरोबर. पट्टीखाली उजेडाची फट दिसली की काम चुकलं. मिस्त्रींचं जगाबद्दलचं मत थोडक्यात एवढंच होतं.

एकोणसाठाव्या वर्षी ते अडकले. पन्नास किलोची गोणी खांद्यावर घेऊन दोन जिने चढणारा माणूस जमिनीवर पडलेली पेन्सिल उचलायला वाकला आणि तिथेच राहिला. ना खाली जाता येईना, ना वर. जोडीदार कारागिरांनी त्यांना दाराच्या फळीवर घालून घरी आणलं. फळी दिवाणखान्यात टेकवत त्यातला एक म्हणाला, “वहिनी, मिस्त्रींचा पार गुणिया झालाय. बघा, बरोबर नव्वद अंश.”

“एक्क्याण्णव असतील,” फळीवरून मिस्त्री म्हणाले. तेव्हा तिला जरा धीर आला.

आठवडाभर पडून राहिल्यावर ते सरळ झाले, पण पाठीतली कळ गेली नाही. क्ष-किरणांच्या फोटोत हाडं ठणठणीत निघाली. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना व्यायामाच्या डॉक्टरिणीकडे पाठवलं. ही मुलगी तिशीचीही नसेल. केस वर बांधलेले, पायांत कापडी बूट, बोलणं भराभर. तिनं मिस्त्रींना उठवलं, बसवलं, वाकवलं, आणि मग विचारलं, “काका, गोणी उचलताना तुमचा श्वास कुठे असतो?”

मिस्त्रींनी विचार केला. “आतच असतो. गोणी खाली ठेवली की सोडतो.”

“वाटलंच. तुमचे बाहेरचे स्नायू पहिलवानाचे आहेत. पण पोटाच्या आत, खोल, कमरपट्ट्यासारखा गुंडाळलेला एक स्नायू असतो, आणि मणक्याला चिकटून लहान लहान असतात. मणक्याला जागेवर धरून ठेवायचं काम त्यांचं. तुमचे ते झोपलेत.”

“चाळीस वर्षं मी मरमर काम करतोय आणि ते झोपलेत?”

“मोठी भावंडं सगळं काम करायला लागली की धाकटी झोपतात, तसं.”

मिस्त्री घरात थोरले होते. त्यांना ते एकदम पटलं.

तिनं चार व्यायाम दिले. पहिला, उताणं झोपून गुडघे दुमडायचे, श्वास सोडताना बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्यायचं, घट्ट पँटचं बटण लावताना घेतो तेवढंच, आणि श्वास चालू ठेवायचा. दुसरा, तसंच झोपून हात-पाय वर उचलायचे आणि उलटसुलट एक हात, एक पाय हळूहळू जमिनीकडे न्यायचा. मिस्त्रींनी त्याचं नाव लगेच ‘झुरळ’ ठेवलं. तिसरा पूल, म्हणजे तसंच झोपून कंबर वर उचलायची. आणि चौथा टेबल: हात-गुडघे टेकून उजवा हात पुढे, डावा पाय मागे, मग उलट. “पाठ टेबलासारखी स्थिर हवी,” डॉक्टरीण म्हणाली. “वर चहाचा कप ठेवला तरी हिंदकळता कामा नये. दिवसातून दोनदा, आठ-आठ वेळा. आणि जोर लावायचा नाही, काका.”

“आणि काम?” मिस्त्रींनी विचारलं.

“बारा आठवडे तरी गुडघ्यांवर बसायचं नाही. मग बघू.”

हे ‘मग बघू’ मिस्त्रीणबाईला परवडणारं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. ग्रंथालयात बालविभागाची नवी खोली बांधून तयार होती. तिथं जुन्या दालनासारखीच काळी-पांढरी फरशी आणि कडेनं तीच तिरकी नक्षी हवी, असा मुख्य ग्रंथपालांचा हट्ट होता, आणि ती नक्षी बिनचूक बसवणारा माणूस गावात एकच. ग्रंथपाल भला माणूस, पण शिस्तीचा. “चौदा आठवडे थांबतो,” ते म्हणाले होते. “पुढे दुसऱ्याला देणं भाग आहे. मुलं मोठी होतील हो.”

दुसरीकडे तिचा धाकटा भाऊ टपून होता. त्याचं फरशांचं दुकान होतं आणि मन मोठं होतं. “भावोजी, आयुष्यभर रांगलात. आता गल्ल्याशेजारी खुर्चीत बसा, गिऱ्हाइकाला माल दाखवा,” असं तो दर भेटीत म्हणे. त्यानं खुर्ची आणूनही ठेवली होती, गादीची, फिरणारी. मिस्त्री त्या खुर्चीकडे लोक डॉक्टरच्या सुईकडे बघतात तसे बघत.

व्यायाम घरी सुरू झाले. सकाळी सव्वासहाला आणि संध्याकाळी सहाला, झोपायच्या खोलीत, सतरंजीवर. मिस्त्रीणबाईनं ग्रंथालयातलं एक बाद झालेलं कार्ड आणलं, जुना तारखेचा शिक्का आणला, आणि प्रत्येक खेपेला एक शिक्का मारायचा असं ठरवलं. झुरळ झालं, पूल झाला. टेबलाची पाळी आली तेव्हा ती कपात पाणी घेऊन आली.

“कप कशाला?” मिस्त्री चार पायांवरून म्हणाले. “पिशवीतली पाणसळ आण.”

“पाठीवर ठेवायला?”

“मग काय डोक्यावर? टेबल म्हणाली ना ती. मग पातळी बघायलाच हवी.”

तिनं ती गार पट्टी त्यांच्या पाठीवर, कण्याच्या रेषेत ठेवली. ते शहारले, पण हलले नाहीत.

“बुडबुडा?”

“मध्ये आहे.”

“खाली?”

ती वाकली, एक डोळा मिटला. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं तिलाही येत होतं. “कमरेपाशी फट दिसतेय.”

“किती?”

“माझी बोटं सहज जातील एवढी.”

“म्हणजे पोकळ,” मिस्त्री म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात त्या कोपऱ्यातल्या फरशीबद्दलचा तोच वैताग होता. त्यांनी पोट आवळलं, श्वास रोखला, आणि कंबर वर उचलून पाठ फुगवली. “आता?”

“आता उजेड दिसत नाही.”

“मार शिक्का.”

असं रोज चालू झालं. आठचे बारा झाले, बाराचे वीस. मिस्त्री घामानं डबडबत, लालबुंद होत, आणि ती जमिनीला गाल लावून फट शोधत बसे. तिला हे सगळं फार आवडू लागलं होतं. इतकी वर्षं ते सकाळी सातला बाहेर पडत, आता सकाळी दोघं एका सतरंजीवर असत. कार्ड भरत आलं, तिनं दुसरं आणलं.

फक्त पाठ बरी होत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात मोजे घालताना त्यांना भिंत धरावी लागली. चौथ्यात मोजे ती घालू लागली.

“अहो, जास्त होतंय का? डॉक्टरीणबाईंना विचारू या.”

“दुखतंय म्हणजे बसतंय. नवीन फरशीसुद्धा आधी कुरकुरते.”

“फरशी कधी कुरकुरते? इतक्या वर्षांत मी ऐकली नाही.”

पाचव्या आठवड्याच्या सोमवारी ते सतरंजीवर उतरलेच नाहीत. आवरून, केस विंचरून दारात उभे राहिले आणि म्हणाले, “तुझ्या भावाला फोन कर. खुर्ची रिकामी आहे का विचार.”

ती ग्रंथालयात गेली, पण दिवसभर तिचं लक्ष लागलं नाही. दोन वाचकांना एकमेकांची पुस्तकं दिली. तिला खुर्ची वाईट वाटत नव्हती; कमाई तीच, कष्ट कमी. पण संध्याकाळी दुकानावरून जाताना तिनं काचेतून पाहिलं. मिस्त्री गादीच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते, फोटो काढायला बसवलेल्या माणसासारखे. समोरच्या जमिनीकडे ते बघतही नव्हते. टाच उचलली नव्हती. तिला ते पाहवलं नाही.

दुकानात ते आठवडाभर टिकले. त्या काळात त्यांनी एका गिऱ्हाइकाला सांगितलं, की ही पेटी घेऊ नका, यातल्या फरशा कडेला वाकड्या आहेत. दुसऱ्याला सांगितलं, की तुमच्या घराला नवी फरशी लागतच नाही, जुनी घासून घ्या. तिसऱ्या गिऱ्हाइकानं विचारलं, सगळ्यात चांगली कुठली. तर त्यांनी शेजारच्या गल्लीतल्या दुकानाचा पत्ता दिला. सातव्या दिवशी भाऊ घरी आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी म्हणाला, “ताई, भावोजी देवमाणूस आहेत. पण ते अजून महिनाभर दुकानात बसले तर माझं दुकान बसेल.”

“मी आधीच सांगत होतो,” मिस्त्री आतून म्हणाले. त्या आठवड्यातलं हे त्यांचं पहिलं आनंदी वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही कार्डं पर्समध्ये घातली आणि मिस्त्रींना घेऊन डॉक्टरिणीकडे गेली. जरा भांडायच्याच तयारीनं गेली. टेबलावर कार्डं ठेवली. “बघा. चार आठवडे, एक खेप चुकलेली नाही. छप्पन्न शिक्के आहेत. आणि यांना मोजेसुद्धा घालता येत नाहीत.”

डॉक्टरिणीनं कार्डं उलटसुलट पाहिली. “असा पेशंट मला आजवर मिळाला नाही,” ती म्हणाली. “काका, मला करून दाखवा. घरी करता तसंच. काही बदलू नका.”

मिस्त्री चटईवर उतरले आणि म्हणाले, “अगं, पिशवी दे.”

मिस्त्रीणबाईनं पिशवीतून पाणसळ काढली, त्यांच्या पाठीवर ठेवली आणि सवयीनं गाल चटईला लावला. मिस्त्रींनी श्वास रोखला, पोट आवळलं, कंबर वर उचलली. “उजेड?”

“नाही.”

“शिक्का.”

वर काहीच आवाज येईना म्हणून तिनं मान वळवून पाहिलं. डॉक्टरीण भिंतीला टेकून, तोंडावर हात धरून हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. मग ती खाली बसली, पट्टी हळूच उचलून बाजूला ठेवली.

“काका, श्वास सोडा. पोट सोडा. सगळं सोडा.” मिस्त्रींची पाठ खाली आली. तिनं त्यांच्या कमरेवर तळहात ठेवला. “इथे हा जो खोलगट बाक आहे ना, तो जन्माचा आहे. उताणं झोपलात की जमीन आणि कंबर यांत हात सरकतो, तो याच्यामुळे. तुम्ही महिनाभर रोज दोनदा तो जबरदस्तीनं बुजवताय. मोठे स्नायू आवळून, श्वास रोखून. म्हणजे जी सवय मोडायची होती तीच पक्की केलीत.”

“फट मीच सांगत होते,” मिस्त्रीणबाई हळूच म्हणाली. तिचा भांडायचा सगळा आव गेला होता.

“तुम्ही खरं तेच सांगत होता, काकू. फट आहेच. ती असायलाच हवी. ती तशीच राहू देऊन हात-पाय हलवायचे, एवढाच व्यायाम आहे.”

मिस्त्री चार पायांवरच होते. त्यांनी चटई आणि भिंत यांमधल्या फटीत बोट घातलं.

“भिंतीलगत,” ते म्हणाले.

“काय?” डॉक्टरिणीनं विचारलं.

“मी बावीस वर्षांचा असताना एका सभागृहाची फरशी बसवली. भिंतीला घट्ट भिडवून, केसाचीही फट न ठेवता. मला वाटलं, काय काम केलंय. उन्हाळ्यात दुपारी ती मधोमध तंबूसारखी वर उठली. सहा फरशा फुटल्या. ऊन लागलं की फरशी फुगते, तिला सरकायला जागा लागते. तेव्हापासून मी भिंतीलगत बोटभर फट सोडतो. वर पट्टी येते, कोणाला दिसत नाही. सगळ्या पोरांना मी हेच शिकवलं.” एक हात मागे नेऊन त्यांनी कंबर चाचपली. “आणि स्वतःच्या पाठीला विसरलो.”

“मी टेबल म्हणाले, तीच चूक झाली,” डॉक्टरीण म्हणाली. “पण पाठीवर पाणसळ ठेवणारा माणूस येईल, हे मला कुठं ठाऊक?”

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. मोजून आठ वेळा, श्वास चालू ठेवून. श्वास रोखला जाऊ नये म्हणून डॉक्टरिणीनं त्यांना व्यायाम करताना बोलत राहायला सांगितलं. मिस्त्री मुळात कमी बोलणारे. काय बोलावं ते सुचेना, म्हणून ते आजवर बसवलेल्या खोल्या एकेक करून सांगू लागले: कोणाचं घर, किती फरशा, कुठल्या कोपऱ्यानं त्रास दिला. मिस्त्रीणबाईला इतक्या वर्षांत न कळलेल्या गोष्टी त्या सतरंजीवर कळल्या. त्यांच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ते कुठे गायब झाले होते, तेही झुरळ करता करता निघालं. एका शाळेच्या ओसरीतली फरशी पोकळ वाजत असल्याचं त्यांना आठवलं होतं.

“आणि मी इकडे रडत होते,” ती म्हणाली.

“फक्त दोनच होत्या. लगेच आलो.”

तिचं काम आता उलटं झालं होतं. ती त्यांच्या कमरेपाशी उजेड आहे ना ते बघे, आणि असला तरच शिक्का मारी. तिसऱ्या आठवड्यात मिस्त्रींनी मोजे स्वतः घातले. पाचव्यात त्यांना जोराची शिंक आली आणि दोघंही दचकून वाट बघत राहिले. काहीच झालं नाही. सातव्यात, बाजारातून परतताना, त्यांनी एका नव्या दुकानाच्या दारात टाच उचलली आणि जमीन वाजवली. मिस्त्रीणबाई पिशव्या घेऊन चार पावलं पुढे गेली होती. तो आवाज ऐकून ती तिथेच थांबली, पण मागे वळली नाही. डोळे पुसायचे होते.

चौदावा आठवडा संपायला तीन दिवस असताना डॉक्टरिणीनं परवानगी दिली. अटी मात्र कडक घातल्या. गोणी दुसऱ्यांनी उचलायची, वीस मिनिटांपेक्षा जास्त सलग गुडघ्यांवर बसायचं नाही, आणि दर वीस मिनिटांनी झुरळ. ग्रंथपालांनी विचारलं, “किती दिवस लागतील?” पूर्वी मिस्त्रींनी चार सांगितले असते. ते म्हणाले, “दहा.”

“दहा?”

“मुलं तेवढ्यात मोठी होत नाहीत.”

काम सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल धावत मिस्त्रीणबाईच्या खिडकीपाशी आले. चेहरा पांढराफटक. “अहो, चला लवकर. मिस्त्री पडले. उताणे पडलेत आणि हातपाय झाडताहेत.”

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं. “झाडत नाहीत हो,” तिनं पुस्तकावर शिक्का मारत सांगितलं. “सावकाश हलवताहेत. आठ झाले की उठतील.”

दहाव्या दिवशी संध्याकाळी मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्यानं सगळी खोली वाजवली. ती दारात ढकलगाडी घेऊन उभी होती, बालविभागाची पहिली पुस्तकं घेऊन. एकही फरशी पोकळ वाजली नाही. मग ते दोन हात आणि दोन गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून, एक डोळा मिटून थांबले.

“पाणी आणू का?” तिनं विचारलं.

“नको,” ते म्हणाले. “ये आत. आजच आण पुस्तकं.”

मिस्त्री आता एकसष्ट वर्षांचे आहेत. महिन्याला दोनच खोल्या घेतात, सकाळी सव्वासहाला सतरंजीवर असतात, आणि पाणसळ आता कामाच्या पिशवीतच असते.